पाणी फेकतंय ना?

डहाणूच्या खाडीतून मच्छीमार बोट सुटते तेव्हा सुकाणू धरलेल्या तांडेलाचं लक्ष समोरच्या वाटेवर असतं. मागे एक खलाशी मात्र कठड्यावरून वाकून बोटीच्या कुशीकडे बघतो. तिथे पाण्याच्या रेषेच्या जरा वर एक नळी बाहेर आलेली असते आणि तिच्यातून पाण्याची धार पडत असते. धार जाड, सलग आणि हाताला कोमट लागली की मशीनचा जोर वाढवायला हरकत नसते. ती बारीक झाली, तुटक पडू लागली किंवा तिच्यातून वाफ दिसली, तर पुढे जाण्यात शहाणपण नाही. इंजिनाला इथे मशीन म्हणतात, आणि मशीनची तब्येत आधी या धारेवरून कळते, काट्यावरून नंतर.

डिझेल जाळून जी उष्णता मिळते, तिच्यातली साधारण एक तृतीयांशच बोटीच्या पंख्यापर्यंत कामाच्या रूपाने पोचते. जवळपास तेवढीच धुरावाटे निघून जाते. उरलेली सिलिंडरच्या भिंतींत, हेडमध्ये आणि तेलात मुरते. शंभर अश्वशक्तीचं मशीन पूर्ण जोरात चालत असेल तर ही मुरणारी उष्णता पन्नास-साठ किलोवॅट भरते, म्हणजे घरातले पंचवीस-तीस गिझर एकदम चालू ठेवल्यासारखी. ती वाहून न्यायला, पाणी पंधरा अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर मिनिटाला पन्नास-साठ लिटर पाणी मशीनभोवती सतत फिरायला लागतं. बोट बंदराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत ही गरज एक मिनिटही थांबत नाही.

तलासरीच्या बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून दापचरी, अच्छाड ओलांडणाऱ्या ट्रकला ही चिंता वेगळ्या तऱ्हेची असते. ट्रक आपलं पाणी रेडिएटरमध्ये बरोबर घेऊन फिरतो आणि त्या पाण्यातली उष्णता वाऱ्यावर सोडतो. वारा सगळीकडे असतो. बोटीचं मशीन पोटातल्या अंधाऱ्या कप्प्यात बसलेलं असतं, तिथे वाऱ्याचं काही चालत नाही. म्हणून ते गारवा खालच्या समुद्राकडून घेतं. समुद्रासारखा गारव्याचा साठा दुसरा नाही, हे खरंच. मे महिन्यात पाणी 30 अंशांच्या आसपास गेलं तरी मशीनच्या मानाने ते थंडच असतं. अट एकच, ते पाणी मशीनपर्यंत पोचलं पाहिजे.

या किनाऱ्यावर नेमकी तीच अट अवघड आहे. चिंचणी, डहाणू, बोर्डी ते थेट गुजरातच्या हद्दीला खेटून असलेल्या झाईपर्यंत समुद्राचा तळ फार हळूहळू उतरत जातो. त्यात उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जावं तसा भरती आणि ओहोटीतला फरक वाढत जातो. बोर्डीला ओहोटीच्या वेळी पाणी अर्धा किलोमीटर मागे हटतं, हे पर्यटकांनाही ठाऊक आहे. पर्यटकाला त्यात फिरायला मोकळी वाळू दिसते. बोटवाल्याला दिसतो तो बंद झालेला रस्ता. झाई हे तलासरी तालुक्याचं समुद्राकडचं दार, आणि तेही सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बंदच असतं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो. बोटी भरतीची वाट बघत बाहेर थांबतात किंवा पाणी चढायला लागताच घाईने आत घुसतात. या घाईच्या वेळी मशीन तापतं.

का तापतं, ते समजायला मशीनचं पाणी कुठून येतं ते पाहायला हवं. जुन्या, लहान मशीनमध्ये खारं पाणी थेट सिलिंडरभोवती फिरवतात. पद्धत साधी, पण खारं पाणी पन्नास-साठ अंशांच्या वर गेलं की त्यातले क्षार भिंतींना धरू लागतात. म्हणून असं मशीन मुद्दाम थंड चालवावं लागतं. डिझेल मशीनला फार थंड चालणंही मानवत नाही, इंधन नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. मोठ्या मशीनमध्ये म्हणून गोडं पाणी आतल्या आत फिरतं आणि आपली उष्णता खाऱ्या पाण्याला देतं. ही देवाणघेवाण दोन तऱ्हांनी होते. एक तर तळाच्या भोकातून पंपाने खारं पाणी आत ओढायचं, नळ्यांच्या जुडग्यातून फिरवायचं आणि बाहेर फेकायचं. नाहीतर गोड्या पाण्याच्या नळ्याच बोटीच्या बाहेर, कण्याला लागून बसवायच्या, म्हणजे समुद्र त्यांना बाहेरूनच गार करतो.

पहिल्या तऱ्हेत चिखल आत येतो, दुसऱ्या तऱ्हेत मशीन चिखलात जातं.

आत ओढायच्या पाण्याला आधी जाळी लागते. उथळ पाण्यात बोटीचा पंखाच तळ ढवळतो आणि तोच गढूळ रबडा मशीनच्या तोंडी येतो. जाळी उघडली की काळा मऊ गाळ, शेवाळ, जेलीफिशचे बुळबुळीत तुकडे आणि हमखास प्लॅस्टिकच्या पिशवीचा एखादा फाळका निघतो. जाळीतून सुटलेली बारीक रेती पंपात जाते. पंपाच्या आत रबराची पाती असलेलं चाक असतं, ज्याला सगळे इंपेलर म्हणतात. हाताच्या तळव्यात मावेल एवढी ही वस्तू. नवी असताना पाती ताठ आणि टोकाला गुळगुळीत गोल असतात. रेतीत फिरलेल्या इंपेलरची टोकं चपटी होतात, पात्याच्या मुळाशी केसासारखी चीर दिसते, आणि बोटाने वाकवलं तर पातं पुन्हा सरळ होत नाही. पाणी न मिळता पंप फिरला तर रबर काही मिनिटांतच जळून तुटतं. आणि तुटलेला तुकडा पंपात राहत नाही, पाण्याबरोबर पुढे जाऊन नळ्यांच्या तोंडाशी अडकतो. नवा इंपेलर बसवूनही मशीन तापतच राहिलं तर जाणता मेकॅनिक आधी जुन्या चाकाची पाती मोजतो. एक कमी भरलं तर ते सापडेपर्यंत तो नळ्या सोडत नाही. ही सवय मला फार मोलाची वाटते.

कण्याला नळ्या लावलेल्या बोटीला जाळीची कटकट नसते, पण बोट गाळावर टेकली की नळ्यांना पाण्याऐवजी चिखल लागतो. चिखल हलत नाही, उष्णता घेऊन जात नाही. मशीन सुरूच ठेवून बोट गाळातून रेटायची म्हटलं तर जोर सगळ्यात जास्त आणि गारवा सगळ्यात कमी, असा उलटा हिशेब होतो. शिवाय नळ्यांवर शंख-शिंपल्यांचा थर चढतो. बाहेरून नुसता खरखरीत दिसणारा हा थर उष्णता अडवायला पुरेसा असतो.

याच अडचणीची सख्खी बहीण हिमालयात आणि त्याहून जास्त कॅनडा, अमेरिकेच्या डोंगरांत भेटते. गुलमर्गला गेलेले आपले लोक जिला स्नो-स्कूटर म्हणतात त्या गाडीचे डोंगरी, ताकदवान प्रकार पाण्याने गार होतात. पण त्यांच्या पुढे ट्रकसारखा रेडिएटर नसतो. गाडीचा रबरी पट्टा ज्या बोगद्यात फिरतो, त्याच्या छताला ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या असतात आणि मशीनचं पाणी त्यांतून जातं. पट्टा खालचं बर्फ उडवतो, ते या पट्ट्यांवर आदळून वितळतं. एक किलो बर्फ नुसतं वितळायला जेवढी उष्णता घेतं, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. इतका गारवा फुकट मिळत असताना कुणी रेडिएटर कशाला वाहील? पण बर्फ पातळ झालं, दिवसा वितळून रात्री गोठलं, दगडासारखं घट्ट झालं की पट्ट्याला उडवायला काही उरत नाही. गाडी बर्फावरच असते आणि तापते. तिथले लोक यावर स्प्रिंगच्या टोकदार दांड्या बसवतात, त्या कडक थर खरवडत जातात आणि उडालेला चुरा बोगद्यात पोचतो. वाटेच्या कडेला मऊ बर्फ दिसलं की गाडी मुद्दाम त्यात घालतात. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाभर उघडे पडले होते. अशा हिवाळ्यात तिथल्या गाडीवाल्यांवर जी वेळ येते, ती डहाणूच्या तांडेलाला समजावून सांगावी लागणार नाही.

तांडेलाकडे मात्र चिखल खरवडून पाणी काढणारी दांडी नाही. त्याच्याकडे आहे भरतीचा हिशेब. उधाणाच्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, भांगाच्या दिवसांत दोन्ही बेताचं. डोलीच्या जाळ्यांचं काम प्रवाहाच्या जोरावर चालतं, त्यामुळे बोंबलासाठी उधाण हवं; आणि उधाणाची सुकती म्हणजे खाडी कोरडीठाक. म्हणजे मासळी मिळण्याचे दिवस आणि मशीन अडकण्याचे दिवस एकच. त्यात मासळी बर्फावर थांबते, पण किती वेळ? बाजाराची गाडी चुकेल म्हणून पाणी पुरतं चढण्याआधी बोट आत घालण्याचा मोह होतो. त्या मोहाबद्दल काठावर बसून बोलणाऱ्यांनी जपून बोलावं.

मशीन तापलंच तर काय करायचं, हे ज्याला माहीत असतं त्याचा खर्च वाचतो. जोर लगेच कमी करायचा, पण शक्य असेल तर मशीन एकदम बंद करायचं नाही. पाणी थोडं जरी फिरत असेल तर हलक्या गतीवर ते सावकाश निवू द्यायचं. धार पूर्ण थांबली असेल तर मात्र बंदच करायचं. टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि वाफ थेट तोंडावर येते. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, लोखंड तडकतं. हेड तडकलं किंवा गास्केट उडालं की गोडं पाणी तेलात उतरतं आणि तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसतं. मोजपट्टी ओढून तो रंग दिसला की हंगामातले बरेच दिवस गेले असं समजायचं.

याच खाडीकडे गारवा मागणारं एक फार मोठं मशीनही इथे आहे. डहाणूचं औष्णिक वीज केंद्र 1995 च्या सुमारास सुरू झालं, 250 मेगावॅटचे दोन संच. आधी बीएसईएस, मग रिलायन्स, 2018 पासून अदाणी अशी मालकी बदलत गेली, पण थंडावा खाडीच्या पाण्याचाच राहिला. ढोबळ हिशेब असा, की 500 मेगावॅट वीज करताना 600 मेगावॅटहून जास्त उष्णता पाण्यात सोडावी लागते. पाणी सात अंशांनी तापवायचं तर सेकंदाला 20 घनमीटरच्या पुढे पाणी लागतं. जाळ्या तिथेही लागतात, शिंपले तिथेही नळ्यांत वाढतात. स्कॉटलंडमधलं टॉर्नेस अणुकेंद्र 2011 च्या जूनमध्ये जेलीफिशमुळे बंद ठेवावं लागलं होतं. बोटीच्या जाळीत अडकतो तोच जीव, फक्त ढिगाने.

डहाणूच्या लोकांनी या केंद्राकडे पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून पाहिलं. 20 जून 1991 ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश त्याने 1999 मध्ये दिला आणि 2007 मध्ये ती चालू झाली. ती यंत्रणाही समुद्राच्याच पाण्याने धूर धुते. याच प्राधिकरणाने 1998 मध्ये डहाणूच्याच किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराला नकार दिला होता. 31 जुलै 2023 ला त्यानेच परवानगी दिली, आणि 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. बंदरासाठी समुद्रात भराव झाला की प्रवाह आणि गाळ कुठे वळतील, ही मच्छीमारांची भीती मला रास्त वाटते. खाडीच्या तोंडाशी हातभर गाळ वाढला तर मोठ्या प्रकल्पाच्या कागदावर तो दिसणारही नाही, पण बोटीच्या तळातलं भोक तेवढ्याच उंचीवर असतं.

जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि मशीनं उघडलेली. नळ्यांत तार घालून गाळ काढायचा, झिजलेली जस्ताची कांडी बदलायची, म्हणजे खारं पाणी नळ्यांऐवजी तिला खातं. पंपाचा पट्टा आणि इंपेलर बदलायचा, जुना धड दिसत असला तरी. पाणी ठरावीक अंशांच्या वर गेलं की वाजणारा भोंगा बसवायचा. मशीनच्या आवाजात काटा कुणी बघत नाही, भोंगा ऐकू येतो आणि तो हेडपेक्षा फार स्वस्त असतो. बोटवाला त्याच्या बाजूने एवढं सगळं करतो. बंदर सांभाळणाऱ्या खात्यांनी दर पावसाळ्यानंतर डहाणू आणि झाईच्या खाडीचं तोंड मोजावं, सुकतीला किती पाणी उरतं तो आकडा धक्क्यावर फळा लावून लिहावा, आणि गाळ काढायचं काम पहिली बोट समुद्रात जाण्याआधी उरकावं.