कारागृह शिपाई : भिंतीच्या आतली वर्दीची नोकरी

महाराष्ट्रात तुरुंगातील पहारा पोलिसांकडे नसतो. त्यासाठी गृह विभागाच्या अखत्यारीत स्वतंत्र कारागृह विभाग आहे आणि त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. या नोकरीची पहिली पायरी म्हणजे कारागृह शिपाई. बारावी उत्तीर्ण उमेदवार पोलीस भरतीबरोबरच या पदासाठी अर्ज करू शकतात. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात धावणे आणि गोळाफेक असते. त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा होते. मैदानात घाम गाळणारे अनेक जण मराठी व्याकरणात अडकतात, हे तयारी करताना ध्यानात ठेवलेले बरे.

कामाचा कणा म्हणजे बंद्यांची मोजणी. बराकी उघडताना आणि बंद करताना आकडा जुळलाच पाहिजे. एक जरी कमी भरला तरी मोजणी पुन्हा होते. याशिवाय झडती, नातेवाइकांच्या भेटीवर देखरेख आणि रात्रपाळीची गस्त असते. बंद्यांत शिक्षा झालेले कमी, खटला चालू असलेले न्यायाधीन जास्त. त्यामुळे दंडुक्यापेक्षा संयम आणि माणसे ओळखण्याची नजर अधिक कामी येते. महिला बंद्यांचा पहारा महिला कर्मचारीच करतात.

शिपायानंतर हवालदार, सुभेदार अशी बढती मिळते. तुरुंगाधिकाऱ्याचे पद त्याच्या वर, आणि संपूर्ण कारागृहाची जबाबदारी अधीक्षकावर असते. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्यातील दौलतराव जाधव महाविद्यालयात होते. सगळेच बंदी मात्र भिंतीआड नसतात : सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर खुल्या वसाहतीत बंदी कुटुंबासह राहून शेती करतात.