बुडबुड्याखालचा थर आणि संगणकाचं गणित

चिंचवडला बॉयलरवाल्या थरमॅक्सचा कारखाना, कासारवाडीला वाफेची उपकरणं करणारं फोर्ब्स मार्शल, पुढे चाकणला मोटारींच्या कंपन्या. उकळण्याशी रोजचा संबंध असलेला हा पट्टा. तरीही उकळण्याबद्दलचे काही समज इथेही पक्के आहेत.

गैरसमज: इंजिनात कूलंट उकळलं की इंजिन गेलं.

रेडिएटरमधून वाफा निघाल्या तर गाडी बाजूला घ्यावीच. पण सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ धातू इतका तापतो, की तिथे बारीक बुडबुडे सुटतात आणि भोवतालच्या कमी तापलेल्या कूलंटमध्ये विरून जातात. मर्यादेत असेल तर डिझायनरला हे हवंच असतं, कारण वाफ होताना पाणी कितीतरी जास्त उष्णता ओढतं. एक किलो पाणी एक अंशाने तापायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता घेतं. 100 अंशांवर त्याची वाफ व्हायला 2,257 लागतात.

गैरसमज: बुडबुड्याखाली धातू कोरडा असतो.

मूर आणि मेसलर या संशोधकांनी 1961 मध्ये उकळत्या पाण्याखालच्या पृष्ठभागाचं तापमान मोजलं. मधूनच ते दोनेक मिलिसेकंदांत 11 ते 17 अंश सेल्सिअसने घसरायचं. धातूवर नुसती वाफ असती तर तो तापला असता, निवला नसता. उलगडा असा, की बुडबुडा फुगताना तळाशी पाण्याचा काही मायक्रॉन जाडीचा थर मागे ठेवतो (आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा) आणि तो थर झपाट्याने वाफ होऊन धातूची उष्णता ओढतो. मधोमध कोरडा ठिपका पडतो, तेवढ्यापुरता हा समज खरा. कूपर आणि लॉइड यांनी 1969 मध्ये या थराचं गणित मांडलं. एकूण उष्णतेत त्याचा वाटा किती, हे द्रव, दाब आणि पृष्ठभागावर ठरतं. त्यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

गैरसमज: धातू जितका तप्त, तितका तो पाण्यात लवकर निवतो.

जपानच्या नुकियामांनी 1934 मध्येच हे खोडलं. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याला ते पुस्तकाविनाही ठाऊक असतं. लालबुंद जॉब (तापवलेला पोलादी भाग) पाण्यात गेला की आधी त्याच्याभोवती वाफेची चादर धरते आणि तो सावकाश निवतो. ती जिथे टिकते तिथे जॉब मऊ राहतो, म्हणून तो टाकीत हलवायचा.

गैरसमज: सॉफ्टवेअर हे सगळं सोडवतं.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारा समज हाच. संगणक जागेची बारीक घरांची जाळी पाडून घराघराचं गणित सोडवतो. हिशेब करून पाहा. थर 2 मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या जाडीत निदान चार घरं हवीत, म्हणजे एक घर अर्ध्या मायक्रॉनचं. 4 मिलिमीटरच्या घनात अशी एकसारखी घरं पाडली तर ती 51,200 कोटी होतात. तीही एका बुडबुड्यासाठी! म्हणून संशोधक भिंतीलगतच जाळी बारीक करतात, किंवा बुडबुडा अक्षाभोवती सममित मानून त्याचा एकच काप सोडवतात. अख्ख्या सिलिंडर हेडला तेही परवडत नाही. तिथे चेनचं 1966 चं सूत्र किंवा कुरूल-पोडोव्स्कींचं 1990 चं मॉडेल वापरतात. पडद्यावरच्या रंगीत चित्रात तो थर नसतोच. प्रयोगांवर बसवलेलं सूत्र त्याची जागा घेतं.

मोठा संगणक आणून भागेल का? जाळी बारीक होईल, एवढंच. कास्टिंगच्या कुठल्या खळग्यातून बुडबुडा उठणार, हे पृष्ठभागावर ठरतं आणि ती माहिती संगणकाला बाहेरूनच द्यावी लागते. म्हणून टेस्ट बेडवर हेडमध्ये थर्मोकपल रोवून तापमान मोजणं अजून चालू आहे.