तेराव्याआधी संपणारी रजा

वडील वारले म्हणून घ्यायची वेगळी रजा महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात नाही. २०१७च्या या कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा दिल्या आहेत, त्याही तिमाहीगणिक खात्यावर पडतात. म्हणजे फेब्रुवारीत वडील गेले तर अंधेरीच्या ऑफिसातल्या माणसाच्या हाती दोनच. बाकीचे दिवस साठलेल्या भरपगारी रजेतून कापायचे, नाहीतर बिनपगारी काढायचे. काही कंपन्या आपणहून तीन-चार दिवस देतात, पण ती त्यांची मर्जी. ही रजा हक्काची हवी, आणि सलग घेण्याची सक्ती नको. वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी घेता यावी.

कारण पहिले दिवस दुःखाचे नसतातच, ते धावपळीचे असतात. हॉस्पिटलचं बिल, स्मशान, अस्थी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, मग दाखल्याच्या प्रती घेऊन बँक, पेन्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. बोरिवलीचा आर-मध्य वॉर्ड असो की मुलुंडचा टी, खेपा चुकत नाहीत. चाळीत शेजारघरून पिठलं-भात यायचा. टॉवरमध्ये शेजाऱ्याला कळतं ते सोसायटीच्या ग्रुपवर. त्यात विधीही आटले. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत दोन तासांची प्रार्थनासभा उरली, कित्येक निधनवार्तांत तर लौकिक व्यवहार बंद असल्याचंच कळवलेलं असतं. मराठी घरंही दहावं ते तेरावं एकाच दिवशी उरकू लागली. जाचक रूढी सुटल्या हे बरंच झालं, पण वाचलेले दिवस घरच्यांना नाही, ऑफिसला मिळाले. जुन्या रीतीत एक शहाणपण होतं: तेराव्यानंतर मासिक, मग वर्षश्राद्ध. ख्रिस्ती घरांतही महिन्याची मिस्सा असते, वर्षाचीही. श्राद्धावर विश्वास नसलेल्यानेही एवढं मानायला हरकत नाही की दुःख परत परत येतं, हे त्या रीतीला ठाऊक होतं. आजचं मानसोपचारशास्त्रही घाई करत नाही. लांबलेल्या शोकाला आजार म्हणण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेची आजारसूची किमान सहा महिने थांबते, अमेरिकेतली २०२२ची नियमावली प्रौढांसाठी वर्षभर.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे कामात मन रमतं, आणि दाखला सचिन तेंडुलकरचा. मे १९९९मध्ये विश्वचषक चालू असताना त्याचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर गेले. सचिन इंग्लंडहून घरी आला, परतला आणि २३ मे रोजी केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. पण या गोष्टीतला मधला भाग आपण गाळतो. झिंबाब्वेविरुद्धचा सामना तोंडावर असतानाही त्याला जाऊ देण्यात आलं, आणि त्याच्याविना भारत तो सामना अवघ्या तीन धावांनी हरला. परत जा असं आईनेच सांगितल्याचं त्याने नंतर म्हटलं आहे. निवड घरची होती, मॅनेजरची नव्हे. ज्याला कामातच बरं वाटतं त्याने खुशाल चौथ्या दिवशी लोकल पकडावी. हक्क असला म्हणजे तो वापरलाच पाहिजे असं नाही. गैरवापराची भीती तर सगळ्यात पोकळ: आजारपणाचं सोंग आणता येतं, वडिलांच्या मृत्यूला महापालिकेचा दाखला लागतो, आणि हा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. खरी अडचण छोट्या मालकाची आहे. चार माणसांच्या दुकानात एक रजेवर गेला की पाव दुकान बंद. अशी दुकानं या कायद्याच्या बहुतेक कलमांबाहेरच आहेत, आणि घरकामाची बाई अशाच कारणाने गावी जाते तेव्हा तिचे दिवस कापायचे की नाही, हे कंपनी नव्हे, आपणच ठरवत असतो.