पासष्टीची अट आणि आशालता

'मत्स्यगंधा' नाटकातली आशालता वाबगावकरांची पदं मी लहानपणापासून ऐकत आलो. गोव्याच्या मातीतली ही गाणारी नटी शेवटी साताऱ्यात गेली, ही बातमी तेव्हापासून मनात ठाण मांडून आहे. सातारा-सांगलीशी त्यांचा धागा मात्र जुना. त्या नाटकातली त्यांची सत्यवती लिहिणारे वसंत कानेटकर रहिमतपूरचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात. गोवा हिंदू असोसिएशनने १९६४ साली ते नाटक रंगभूमीवर आणलं, संगीत अभिषेकीबुवांचं. पुढचं वाचकांना ठाऊकच आहे: 'अपने पराये', 'उंबरठा', 'अंकुश' हे चित्रपट, मग मालिकांतल्या आया आणि आज्या.

मी अडखळतो तो २०२० सालापाशी.

करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्य शासनाने ३० मे रोजी चित्रीकरणाला मुभा दिली, पण ६५ वर्षांवरच्या कलाकार-तंत्रज्ञांना सेटवर मज्जाव केला. मालिकेत मानधन ठरतं दिवसावर आणि हातात पडतं साधारण तीन महिन्यांनी. त्यात कामच बंद झालं, तर म्हाताऱ्या नटाने खायचं काय? हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला तो कुणा ताऱ्याने नव्हे. प्रमोद पांडे, वय ७०. चाळीसेक वर्षं छोट्या-छोट्या भूमिका करून पोट भरणारा माणूस. धडधाकट आहे, दुसरं उत्पन्न नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच वयाचा दुकानदार गल्ल्यावर बसू शकतो, मग नट का नाही, याचं पटणारं उत्तर शासनाकडे नव्हतं. ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली.

निकालात आणखी एक गोष्ट होती: ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविषयक सर्वसाधारण सूचना या कलाकारांनाही लागू राहतील. अट उठल्याचा मथळा झाला, या वाक्याचा नाही.

'आई माझी काळूबाई' या मालिकेचं चित्रीकरण तेव्हा सातारा जिल्ह्यात चालू होतं. सेटवर संसर्ग शिरला आणि वीसहून अधिक जण बाधित झाले; मालिकेत काम करणाऱ्या आशालताबाईही त्यांत होत्या. गाण्याच्या चित्रीकरणासाठी मुंबईहून आलेल्या नृत्यपथकाकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. निर्मात्या-अभिनेत्री अलका कुबल यांनी बाईंची काळजी वाहिली; पण २२ सप्टेंबरला साताऱ्याच्या रुग्णालयात ७९व्या वर्षी बाई गेल्या.

'या वयात कामाला जायचंच कशाला?' असं तेव्हा अनेकांनी विचारलं. हा प्रश्न मला क्रूर वाटतो. पांडे लढले ते रास्तच होतं आणि आशालताबाईंना काम करण्याचा पूर्ण हक्क होता. ज्येष्ठ कलाकाराला बोलवायचं तर त्याची वेगळी खोली, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी, विमा आणि जवळच्या रुग्णालयातली सोय या गोष्टी करारातच लिहिलेल्या हव्यात. साथ असो वा नसो. आज्जीशिवाय मराठी मालिका उभी राहत नाही. मग त्या आज्जीची जबाबदारी चित्रीकरणाच्या खर्चात पहिल्या ओळीत मांडली गेलीच पाहिजे.