ओझे मागे, धोका पुढे

उत्तर अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात फिरते घर बसवतात. त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. कित्येकदा मागे बोटीचा ट्रेलरही जोडलेला असतो. एकूण वजन ट्रकला पेलवते, मग काळजी कशाची? उत्तर तरफेच्या नियमात आहे.

समजा, ट्रेलर १००० किलोचा आहे. तो डोलू नये म्हणून त्याचे साधारण १० ते १५ टक्के वजन जोडणीवर ठेवतात. आपण १२० किलो धरू. ट्रकच्या दोन आसांत ३.६ मीटर अंतर आहे आणि जोडणी मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे. मागचा आस झाला टेकू! पुढच्या चाकांवरचा भार ४० किलोंनी घटतो, मागच्यांवर १६० किलोंची भर पडते. कॅम्पर हौद्याबाहेर आल्यामुळे जोडणी आणखी ०.६ मीटर मागे न्यावी लागली, तर हेच आकडे ६० आणि १८० होतात. पुढची चाके हलकी झाली, की वळताना आणि ब्रेक लावताना त्यांची पकड कमी पडते. म्हणून पाण्याची टाकी, सौर पॅनेलच्या बॅटऱ्या अशा जड वस्तू मागच्या आसाच्या पुढे आणि खाली ठेवाव्यात.

वर्गात एक लाकडी फळी दोन वजनकाट्यांवर, एक टोक बाहेर काढून ठेवा. त्या टोकावर वजन ठेवून पलीकडचा काटा पाहा. आकडा का घटला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.