दशी आणि दशा

कापडाच्या टोकाला लोंबणारा सुटा धागा म्हणजे दशी. पुस्तकांत ती बहुधा गरिबाच्या अंगावर भेटते: विरलेला पदर, दशा लोंबणारं धोतर. सोलापूरच्या मागावर मात्र ती कोऱ्या कापडाला असते. साहित्याने ही कोरी दशी जवळपास टाकूनच दिली.

संस्कृतात दशा म्हणजे कापडाची टोकं, दिव्याची वात आणि माणसाची अवस्थाही. ‘रघुवंशा’च्या बाराव्या सर्गाच्या आरंभी कालिदासाने वृद्ध दशरथाला पहाटेच्या ज्योतीची उपमा दिली, ती या श्लेषावर: वातही सरत आलेली, वयही. मराठीने पुढे वाटणी केली. अवस्था ती दशा, धागा ती दशी. पण दशीचं अनेकवचन पुन्हा दशाच! त्यामुळे धोतराच्या दशा म्हटलं की नेसणाऱ्याची दशाही आपसूक आली. लेखकांना आणखी काय हवं?

विणकराचा हिशेब वेगळा. धोटा आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन काठाशी वळतो, म्हणून काठ उसवत नाही. उभा ताणा मात्र शेवटी कापावाच लागतो, आणि कापला की दशा उरतात. त्या पिळून गाठवायच्या, नाहीतर दुमडून शिवायच्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, सोलापूरच्या पूर्व भागात, काठाला ‘अंचू’ म्हणतात. कन्नडातही तोच शब्द.  

जुनी दशी आणि नवं कापड एकत्र आली ती लोकरीतीत. शुद्ध द्वितीयेच्या चंद्राला अंगावरच्या वस्त्राची दशी वाहायची आणि म्हणायचं, जुनं घे, नवं दे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त भाऊबीजेच्या पैशांतून आई नवऱ्यासाठी नवं धोतर आणवते. भाऊबीज हीसुद्धा द्वितीयाच. गुरुजींच्या मनात ती रीत होती की नाही, सांगता येत नाही. मला मात्र तो प्रसंग वाचताना ती आठवते.

आता बिनधोट्याचे माग आले आहेत. त्यांवर बाणा दर फेरीला कापला जातो, म्हणून दशा काठालाही सुटतात आणि काठ धरून ठेवायला वेगळी सोय करावी लागते. काठाची ही दशी कवितेत आलेली अजून माझ्या वाचनात नाही.