न दिसणारे दुखणे : फायब्रोमायाल्जिया

दिवसभर खुरपणी केली अथवा तापातून उठले म्हणजे अंग दुखते आणि विश्रांतीने ते राहतेही. परंतु काही माणसांचे सर्वांग महिनोन् महिने दुखत राहते. रात्रभर झोपूनही सकाळी ती थकलेलीच उठतात. बोलताना साधा शब्द आठवत नाही, नेहमीच्या हिशेबात चूक होते. रक्त तपासले, क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतली, तरी दोष आढळत नाही. "तुम्हांला काही झालेले नाही," हे वाक्य त्यांना प्रथम दवाखान्यात ऐकावे लागते आणि मग घरी, निराळ्या सुरात. या विकारास फायब्रोमायाल्जिया म्हणतात. शंभर माणसांत सुमारे दोघांना तो असतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

तंतू, स्नायू आणि वेदना या अर्थांचे तीन शब्द या नावात जोडलेले आहेत, आणि नाव काहीसे फसवेच आहे. १९०४ साली लंडन येथील विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात 'फायब्रोसायटिस', म्हणजे तंतुमय ऊतींचा दाह, असा शब्द वापरला. पुढे असा दाह सापडेना, तेव्हा १९७६ च्या सुमारास दाहसूचक प्रत्यय टाकून आजचे नाव देण्यात आले. स्नायू मात्र नावात राहून गेले.

आज मुख्य बिघाड वेदनेचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेत मानला जातो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देण्यात आला आणि त्याच वेळी मेंदूचे चित्रण करण्यात आले. निरोगी माणसास जेवढ्या दाबाने दुखले, त्याच्या जवळजवळ निम्म्या दाबानेच रुग्णांना तितके दुखले, आणि त्यांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भागही तसेच उद्दीपित झाले. रेडिओचा आवाज वाढवून ठेवावा तसा हा प्रकार आहे. वेदना कल्पित नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या नियमनाशी झोपेचाही संबंध आहे. १९७५ साली टोरांटो येथे हार्वी मोल्डोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी विद्यार्थ्यांची गाढ झोप लागोपाठ काही रात्री आवाज करून मोडली. त्यांचे स्नायू दाबले असता दुखू लागले. झोप पूर्ववत् होताच ती हळवेपणाची अवस्था ओसरली. पुढील सर्व प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट आढळला नाही. तथापि दुखण्याने झोप मोडते आणि झोप मोडल्याने दुखणे वाढते, हे रहाटगाडगे रुग्णांच्या पूर्ण परिचयाचे आहे.

त्या रहाटगाडग्यात आणखी एक पोहरा रुग्ण स्वतःच बांधतो. एखाद्या दिवशी बरे वाटते, तेव्हा तुंबलेले धुणे, दळण, बाजार सारे एका दिवसात उरकले जाते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. हळूहळू हालचालीचीच भीती बसते, स्नायू दुबळे होतात व थोड्या कामानेही अधिक दुखते. म्हणून कामाचे माप दुखण्यावर न ठेवता घड्याळावर ठेवावे : वीस मिनिटे काम, मग थोडा विसावा, बरे वाटत असले तरी तेवढेच. चालण्याचेही तसेच. प्रारंभी पाच मिनिटे पुरेत; काही दिवसांनी एखादे मिनिट वाढवावे. सुरुवातीस दुखणे किंचित वाढते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण चालणे सोडतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा एकट्या व्यायामालाच दिला आहे.

औषधे निरुपयोगी नाहीत. काहींनी झोप सुधारते, काहींनी वेदना थोडी उतरते; पण लाभ सर्वांनाच होत नाही, आणि अफूच्या वर्गातील वेदनाशामके येथे टाळावीत असेच तज्ज्ञांचे मत आहे. खरी अडचण निराळीच असते. सांध्यांसाठी एक डॉक्टर, झोपेसाठी दुसरा, पोटासाठी तिसरा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि एकाने काय दिले ते दुसऱ्यास ठाऊक नाही. झोपेच्या व वेदनेच्या गोळ्या अशा एकत्र आल्या की रुग्ण दिवसाही पेंगतो, आणि ते पेंगणे आजाराच्या खाती मांडले जाते. म्हणून कोणीतरी एक डॉक्टर सर्व सूत्रे हाती ठेवणारा असावा. भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व परिचारिका यांनी त्याच्याशी विचारविनिमय करून चालावे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात रॉबर्ट बेनेट यांनी रुग्णांच्या गटांसाठी सहा महिन्यांचा असाच संयुक्त कार्यक्रम चालविला व त्याचा वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध केला. मोठे पथक सर्वत्र मिळणार नाही. परंतु एक वही कोठेही मिळते. तीत झोपेचे तास, चालण्याची मिनिटे आणि सर्व गोळ्यांची नावे लिहून ती प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवावी.

घरच्यांचे काम अधिक नाजूक आहे. रुग्णास एकसारखे "पडून राहा" म्हणणे हे अविश्वासाइतकेच घातक ठरते. त्याचे ठरलेले काम त्याला करू द्यावे आणि ठरलेला विसावा मोडू नये.

निदान झाल्यावर प्रत्येक नवी तक्रार या एकाच नावाखाली ढकलू नये. आमवात अथवा अवटुग्रंथीचे मांद्य हे विकार फायब्रोमायाल्जियासोबतही असू शकतात. सांधा सुजला, ताप राहू लागला, वजन अकारण घटले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.